पाठ केलेली स्मरणशक्ती

शस्त्रक्रिया विभागाच्या प्रमुखांनी रक्तपेढी मागितली आणि झीरोबाईंनी त्यांना धुलाईघर जोडून दिलं, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली.

प्रमुख घाईत होते. पलीकडे कोण आहे याची चौकशी न करता त्यांनी "बी पॉझिटिव्ह, चार पाहिजेत, ताबडतोब" असं फर्मावलं. धुलाईघराचे मुकादम शांत स्वभावाचे. त्यांनी विचारलं, "वॉर्डाचे की थिएटरचे? थिएटरचे अजून ओले आहेत." यावर प्रमुख जे बोलले ते मुकादमांनी पुढे कुणालाही सांगितलं नाही. आपल्याकडे विनंती आली तर ती सभ्य भाषेत यावी, एवढंच ते म्हणत. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशीची होती, त्यामुळे रुग्णाला काही झालं नाही. जे काही झालं ते झीरोबाईंना झालं.

झीरोबाई म्हणजे रुग्णालयाच्या टेलिफोन ऑपरेटर. आतल्या कुठल्याही फोनवरून शून्य फिरवलं की त्या बोलत, म्हणून झीरोबाई. हे नाव तोंडावर कुणी घेत नसे आणि पाठीमागे दुसरं नाव कुणी घेत नसे. जिन्याखालच्या त्यांच्या खोलीत एक बोर्ड, एक खुर्ची, एक पंखा आणि एक खिडकी होती. खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसायचे. सगळ्या विभागांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. कोणता डॉक्टर कोणत्या वेळी कोणत्या खोलीत सापडतो आणि कोणत्या खोलीत असूनही "नाहीत" म्हणायचं असतं, हेही पाठ होतं. आणि आता एकाएकी रक्तपेढीच्या जागी धुलाईघर.

एकदाच झालं असतं तर पंख्याच्या आवाजावर ढकलता आलं असतं. पण त्याच आठवड्यात बाईंनी दंतविभागाच्या रुग्णाला प्रसूतिगृह जोडून दिलं. तिथल्या नर्सने सवयीने "कळा किती वेळाने येताहेत?" असं विचारलं, आणि रुग्णानेही प्रामाणिकपणे "सतत, पण फक्त डाव्या बाजूला" असं उत्तर दिलं. मग एक दिवस स्वतःच्या घरचा नंबर आठवेना. शेजारी पडलेल्या पेनाला काय म्हणतात हे आठवायला त्यांना "ते... लिहायचं" एवढा वळसा घ्यावा लागला. त्यातच भर म्हणून बसल्या जागी घाम फुटायचा, पंखा अंगावर असताना.

नेमका हाच मुहूर्त साधून प्रशासकीय अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की जुना बोर्ड जाणार आणि पडद्यावर चालणारा नवा बोर्ड येणार. पन्नाशी ओलांडलेल्या कर्मचाऱ्यांपैकी ज्यांना नवीन शिकणं झेपणार नाही त्यांची सन्मानाने दुसरीकडे सोय केली जाईल. पन्नाशी ओलांडलेले टेलिफोन ऑपरेटर रुग्णालयात एकच होते. सन्मानाची सोय तळघरात होती, जुन्या एक्स-रेंच्या गोदामात. तिथे फोन नव्हता. बोलायला माणूसही नव्हता. होत्या त्या फक्त लोकांच्या बरगड्या.

"साहेब, मी शिकेन की," बाई म्हणाल्या.

"तुम्ही शिकालच हो," साहेब म्हणाले. नकार देताना ते फार गोड बोलत. "पण अलीकडे तक्रारी आहेत. शस्त्रक्रियावाल्यांची तर लेखी आहे. तुम्ही असं करा, डॉक्टरांचा एक कागद आणा, की बाई नवीन गोष्टी शिकू शकतात. मग माझी काही अडचण नाही."

आयुष्यभर लोकांना डॉक्टर जोडून देणाऱ्या बाईंनी स्वतःसाठी डॉक्टर शोधायला घेतला. स्त्रीरोग विभागाचा नंबर फिरवला. ध्वनिमुद्रित आवाज म्हणाला, "वेळ घेण्यासाठी कृपया शून्य दाबून ऑपरेटरशी बोला." बाईंनी शिस्तीने शून्य दाबलं. समोरचा दिवा लागला. त्यांनी उचलून "नमस्कार, टेलिफोन कक्ष" म्हटलं आणि दोन्ही कानांनी स्वतःचाच आवाज ऐकला. त्यांनी फोन ठेवला आणि जिना चढून गेल्या.

डॉक्टरीणबाई मोकळ्या बोलणाऱ्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "पाळी थांबायचा काळ आहे हा. इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन उतरतंय. ते फक्त गर्भाशयाचं काम करतं असं लोकांना वाटतं. मेंदूत त्याची दुकानदारी मोठी आहे. मेंदूतला नवीन नोंदी करणारा जो भाग आहे ना, तिथल्या कारकुनांना तरतरीत ठेवायला ते मदत करतं. पेशीपेशींमधले निरोप नेणारी रसायनं असतात, त्यांचा कारभारही त्याला धरून चालतो."

"म्हणजे कारकुनांचा चहा बंद झालाय?"

"बंद नाही, अनियमित झालाय. त्याने कारकून जास्त गडबडतात. त्यातून तुम्हाला रात्री घामाने झोप नाही, आणि झोपेशिवाय आठवणी पक्क्या होत नाहीत. पुष्कळजणींची ही गडबड पुढे आपोआप निवळते."

"पुढे म्हणजे कधी? नवा बोर्ड पुढच्या तिमाहीत येतोय."

"हॉर्मोन देता येतात. घामाला, झोपेला त्याचा नक्की उपयोग होतो. स्मरणशक्तीला होतो का, कुणाला होतो, कधी सुरू केलं तर होतो, यावर एकमत नाही. म्हणूनच वरच्या मजल्यावर अभ्यास चाललाय. अर्ध्या बायकांना औषधाची चिकटपट्टी, अर्ध्यांना नुसतीच चिकटपट्टी. कुणाला कुठली, हे ना बायकांना माहीत ना डॉक्टरांना. दर महिन्याला स्मरणशक्तीची चाचणी. जाता का?"

चाचणी हा शब्द बाईंनी ऐकला आणि त्यांच्या मनात कागद आला. चाचणीत गुण मिळतात, गुणांचा कागद मिळतो, कागदावर सही असते. त्यांनी होकार दिला. पुढचा अनर्थ ओढवला तो मात्र त्यांच्या नवऱ्यामुळे.

त्याआधी सरकारी सोपस्कार. रुग्णालयाच्या कर्मचाऱ्याला अभ्यासात भाग घ्यायचा तर स्वतःच्या अधिकाऱ्याची ना-हरकत लागते. म्हणजे जे ज्यांच्यापासून लपवायचं तेच त्यांना लिहून द्यायचं. बाईंनी ना-हरकतीच्या अर्जात "वैयक्तिक कारण" लिहिलं. कारण अपुरं म्हणून अर्ज परत आला. "वैद्यकीय कारण" लिहिलं, तर कोणत्या विभागाचं म्हणून परत आला. शेवटी त्यांनी ठसठशीत अक्षरात "स्मरणशक्ती" असं लिहून पाठवलं, आणि तो अर्ज सही करायची विसरल्या म्हणून परत आला. यावर साहेबांनी काहीही टिप्पणी केली नाही, पण अर्ज परत आणणारा शिपाई बाईंशी बोलताना अचानक हळू आणि मोठ्याने बोलू लागला.

सहीनिशी गेलेल्या अर्जाला ना-हरकत मिळाली. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, छातीची तपासणी झाली. घराच्या दाराबाहेरही बातमी फुटली आणि सल्ल्यांचा रतीब सुरू झाला. समोरच्या वहिनींनी अक्रोड आणून दिले. अक्रोड दिसतो मेंदूसारखा, तेव्हा तो मेंदूलाच जाणार, हे त्यांचं शास्त्र. राजमा दिसतो मूत्रपिंडासारखा, असं बाईंनी म्हणून पाहिलं, तर वहिनी "त्याचा उपयोग तिकडे" म्हणून मोकळ्या झाल्या. नणंदेने फोनवरून डाव्या हाताने दात घासायला सांगितलं. त्याने मेंदूची दुसरी बाजू जागी होते म्हणे. आठवड्याभरात बाईंच्या मेंदूची काहीच हालचाल दिसली नाही. हिरडी मात्र जागी झाली. धुलाईघराचे मुकादम स्वतः जिन्याखाली येऊन गेले आणि डोक्याला ओला पंचा बांधायचा सल्ला देऊन वर एक पंचाही ठेवून गेले. झाल्या प्रकाराचा त्यांच्या मनात राग नव्हता.

पहिली चाचणी संशोधक डॉक्टरांनी घेतली. हा तरुण, सडपातळ आणि इतका सभ्य मनुष्य होता की बाई चुकल्या की त्याचाच चेहरा पडायचा. त्याने शब्दांची एक यादी सावकाश वाचली: ढग, चमचा, शिडी, बदक, कुलूप, अशी बरीच लांब. मग आकडे उलटे म्हणायला लावले, एक गुंतागुंतीची आकृती काढायला लावली आणि अर्ध्या तासाने शब्द परत विचारले. बाईंना ढग आठवला, शिडी आठवली, आणि यादीत नसलेली बादली आठवली.

"छान," डॉक्टर म्हणाले, आणि बाईंना ते फार लागलं. नापास झालेल्यालाच लोक इतक्या मायेने छान म्हणतात.

घरी आल्यावर त्यांनी पोटावरची चिकटपट्टी दाखवली आणि चाचणीची हकिकत सांगितली. बाईंचे पती शाळेतून निवृत्त झाले होते आणि घरी शिकवणी घेत. बाहेरच्या खोलीत बाकं, फळा आणि खडूची धूळ कायम असे. आजवर त्यांच्या हातून कोणी नापास झालेलं नव्हतं, ही त्यांची ख्याती. ती खरी होती, कारण नापास होईल असं वाटणाऱ्याला ते घेतच नसत. सरांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"पेपरचे संच किती?"

"अहो, पेपर नाहीये तो. स्मरणशक्ती मोजतात."

"अगं, मोजतात म्हणजे प्रश्न विचारतात. प्रश्न विचारतात म्हणजे पेपर. आणि पेपर आहे म्हणजे तयारी करता येते. दर महिन्याला नवीन यादी काढायला त्या डॉक्टरांना वेळ कुठला? दोन-तीन संच असतील, तेच फिरवत असतील."

"पण औषधाने किती फरक पडतो ते बघायचंय त्यांना."

"बघू दे ना. औषध आपलं काम करील, आपण आपलं करू. परीक्षेला कोरं जायचं ही कुठली रीत?"

हे वाक्य बाईंनी त्याच वेळी खोडून काढायला हवं होतं. तसं त्यांना वाटलंही. पण डोळ्यांपुढे तळघरातल्या बरगड्या होत्या. शिवाय, सरांचं म्हणणं घरात कुणी खोडून काढत नसे. ते खडू मोडून दुसऱ्या तुकड्याने पुढे लिहीत.

पुढच्या चाचणीच्या दिवशी बाकावर रांगेत बसलेल्या बायकांशी बाईंनी बोलणं काढलं. अभ्यासात मेट्रन होत्या. उपाहारगृहाच्या गल्ल्यावरच्या काकू होत्या. रुग्णालयाबाहेरच्याही काही होत्या. कुणाला कुठले शब्द आले ते बोलता बोलता निघत गेलं. लाजत लाजत एकीने "हातोडा" म्हटलं, तशी दुसरीने "हातोड्यानंतर नदी" म्हटलं, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की एकटीला जे आठवत नाही ते सगळ्यांना मिळून आठवतं. संच तीन निघाले. सरांचा अंदाज बरोबर होता. दुर्दैवाने त्यांचे अंदाज बरोबर असतात.

रविवारी सकाळी सरांच्या बाकांवर या बायका बसल्या. मेट्रन मागच्या बाकावर. आयुष्यभर दुसऱ्यांना पुढे बसवल्यामुळे त्यांना तीच जागा आवडली. सरांनी फळ्यावर पहिला संच लिहिला.

"नुसतं घोकायचं नाही," सर म्हणाले. "गोष्ट करायची. ढग चमच्यात उतरला. चमचा शिडीवर चढला. शिडीवर कोण होतं?"

"बदक!" समोरच्या वहिनी ओरडल्या. त्यांचा अभ्यासाशी काडीचा संबंध नव्हता. त्या चहाची साखर मागायला आल्या होत्या आणि थांबल्या होत्या.

"बरोबर. बदकाच्या गळ्यात?"

"कुलूप!"

"बदकाच्या गळ्यात कुलूप कशाला असेल हो?" गल्ल्यावरच्या काकूंनी शंका काढली.

"शंका परीक्षेनंतर," सर म्हणाले.

गुंतागुंतीची आकृती त्यांनी चौकोन, कर्ण आणि तीन रेघा अशी फोडून शिकवली आणि रोज एकदा काढून आणायचा गृहपाठ दिला. बाईंनी बोर्डासमोर बसून रद्दी कागदांवर ती इतक्यांदा काढली की खिडकीतून वाकून पाहणाऱ्या एका गृहस्थांनी "नवीन इमारतीचा नकाशा का?" म्हणून विचारलं. समोरच्या वहिनी सर्वांत हुशार निघाल्या. तिन्ही संच त्यांना उलटसुलट यायचे, आणि आपल्याला चिकटपट्टी नाही, चाचणी नाही, याचं त्यांना दिवसेंदिवस जास्त वाईट वाटू लागलं.

गुण वाढले. नुसते वाढले नाहीत, छपराला टेकले. संशोधक डॉक्टर आधी आनंदले, मग गोंधळले. अर्ध्या बायकांना साधी पट्टी असताना सगळ्याच कशा सुधारल्या, हा प्रश्न त्यांनी विभागप्रमुखांपुढे ठेवला. विभागप्रमुख उत्साही होते. त्यांनी प्रश्न बाजूला ठेवून आलेख पाहिला. आलेख वर जात होता. त्यांच्या मते वर जाणाऱ्या आलेखाला प्रश्न विचारणं हे वाईट संस्कारांचं लक्षण होतं.

खरी मौज अशी की बाईंना स्वतःलाही बरं वाटू लागलं होतं. घाम कमी झाला होता. झोप लागत होती. "मला तर औषधाचीच पट्टी मिळालीय," त्या वहिनींना सांगत. "आतून कळतं." बोर्डावर मात्र तीच गत होती. ढग, चमचा, शिडी यांच्यासाठी जागा झाली तसे क्ष-किरण, बालरोग आणि लेखा विभाग डोक्यातून सरकले की काय, अशी त्यांना शंका यायची. एकदा अधीक्षकांनी लेखा विभाग मागितला आणि बाईंच्या तोंडून "बदक" निघता निघता राहिलं.

मग बाहेरगावच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका भेटीला येणार असल्याचं कळलं. मेंदू आणि हॉर्मोन या विषयात त्यांचा शब्द अखेरचा मानत. विभागप्रमुखांनी ठरवलं की कुणाला कुठली पट्टी हे गुपित न फोडता एका बाईंची चाचणी सभागृहात सर्वांसमोर घ्यायची. सर्वांत जास्त गुण झीरोबाईंचे. बाईंनी हे प्रशासकीय अधिकाऱ्यांना सांगितलं, तसे ते म्हणाले, "वा! मी स्वतः येतो. चाचणी झाली की तिथेच कागद घेऊ आणि खुर्चीचा निर्णय करून टाकू." ते नेहमीपेक्षाही गोड बोलले, त्यामुळे बाईंचा जीव अर्धा झाला.

"कुठला संच येणार?" सरांनी विचारलं.

"क्रमाने दुसरा."

"मग दुसरा पक्का कर. बाकीचे बाजूला."

"अहो, मला भीती वाटते. हे सगळं खोटं आहे असं वाटतंय मला."

"खोटं कसं? तू पाठ केलंयस ना? खरंच पाठ केलंयस. कॉपी कुठे करतेयस?"

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे हे बाईंना कळत होतं. पण ते नेमकं कुठे आहे हे सांगायला जो शब्द लागतो तो त्यांना आठवेना.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्राध्यापिका, विभागप्रमुख आणि प्रशासकीय अधिकारी. तिसऱ्या रांगेत मेट्रन, गल्ल्यावरच्या काकू आणि बाकीचा वर्ग. भिंतीला लागून सर उभे होते, परीक्षेच्या दिवशी फाटकाबाहेर उभे राहत तसे. व्यासपीठावर एक खुर्ची. संशोधक डॉक्टरांना रात्रभर चैन पडली नव्हती, आणि त्यांनी कुणालाही न सांगता एक नवी, चौथी यादी लिहून खिशात घातली होती.

बाई खुर्चीत बसल्या. घाम फुटला. समोर इतके चेहरे. त्यांना सवय फक्त पायांची होती. मनात त्या एकच गोष्ट घट्ट धरून होत्या: दुसरा संच, दुसरा संच, पहिला शब्द गेला की सगळं गेलं.

"तयार?" डॉक्टरांनी हळूच विचारलं, आणि खिशातला कागद काढून घसा खाकरला.

"लिंबू, पडदा, हातोडा, नदी, टोपी," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी कागद उघडलाही नव्हता.

सभागृहात शांतता पसरली. बाईंना ती कौतुकाची वाटली. त्यांनी डोळे मिटले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात पुढे सुरू केलं. "कंगवा, बैल, आरसा, साबण..." आणि इथे अडल्या. साबणानंतर काय? कपाळ पुसलं. तेव्हा तिसऱ्या रांगेतून मेट्रन, मदतीची जन्माची सवय, दबक्या आवाजात म्हणाल्या, "घोडा!"

"घोडा नाही हो," काकू पुटपुटल्या, "घोडा तिसऱ्यात. इथे पाळणा."

"पाळणा!" बाई सुटकेने म्हणाल्या आणि त्यांनी डोळे उघडले.

विभागप्रमुख आलेखाच्या कागदाकडे पाहत होते. प्रशासकीय अधिकारी घड्याळाकडे. संशोधक डॉक्टर हातातल्या न वाचलेल्या यादीकडे. भिंतीपाशी सर नव्हते.

काय झालं हे बाईंना तेव्हा कळलं. त्यांना वाटलं, आपणच उठून तळघराच्या पायऱ्या उतराव्यात, निदान कुणी दाखवायला यायला नको. पण त्या उठल्या नाहीत. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "तुम्ही रागावू नका. या सगळ्यांना मी गोळा केलं. पाठ आम्ही घरी केलं, फळ्यावर. तुमच्या औषधाच्या नावावर जे काही वाढलेलं दिसतंय ते धरू नका. उद्या त्यावरून कुणा बाईला सांगाल की पट्टी लावा, सगळं आठवेल, आणि ती लावून बसेल बिचारी."

पहिला आवाज प्राध्यापिकांचा आला. त्या हसत होत्या. आधी रुमालात, मग रुमाल बाजूला ठेवून.

"सगळे संच?" त्यांनी विचारलं.

"तिन्ही. आकृतीसकट."

"आकृती कुणी शिकवली?"

"आमच्या यांनी."

"ते कुठे आहेत?"

सर जिन्यात सापडले. त्यांना आत आणलं गेलं. प्राध्यापिकांनी त्यांना शिकवण्याची पद्धत विचारली. अपराध्याच्या चेहऱ्याने सुरुवात केलेल्या सरांनी शेवटी खडू मागितला. विभागप्रमुखांनी डोक्याला हात लावला.

नियमाप्रमाणे बाईंना तिथेच अभ्यासातून वगळण्यात आलं. वगळल्यावर, कुठली पट्टी दिली ते लिहिलेला त्यांचा बंद लिफाफा उघडायला हरकत नव्हती. पट्टी साधी निघाली. नुसता डिंक.

"असं कसं?" बाई खरोखर दुखावल्या. "माझा घाम कमी झाला होता."

"होतं असं," संशोधक डॉक्टर म्हणाले.

"मला झोप लागत होती!"

"तेही होतं. मेंदूला काहीतरी मिळतंय असं वाटलं की तो स्वतःच थोडी हालचाल करतो."

"म्हणजे इतके दिवस मी पोटाला डिंक लावून हिंडत होते," बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्या रांगेकडे त्यांनी पाहिलं नाही. मेट्रन आणि काकू आपापल्या पोटावर हात ठेवून विचारात पडल्या होत्या.

उरला तो कागद. प्रशासकीय अधिकाऱ्यांनी तो मागितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तळघराची किल्ली त्यांनी सोबतच आणली आहे. संशोधक डॉक्टरांनी बराच वेळ विचार केला. मग खुर्चीवर बसून त्यांनी लिहिलं: "सदर महिला नवीन गोष्टी शिकू शकतात. याचा आमच्या विभागाला पुरेसा अनुभव आला आहे." खाली सही केली. त्या सहीखाली प्राध्यापिकांनी आपली सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. त्यात चूक काढता येत नव्हती, कारण त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी बाईंना नवा बोर्ड शिकायला तीन महिन्यांची मुदत दिली. या वेळी त्यांचा आवाज गोड नव्हता, त्यावरून मुदत खरी आहे हे बाईंनी ओळखलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या परत पाहिल्या, धोके समजावून सांगितले आणि खरं औषध सुरू केलं. "आठवायचं वचन मी देत नाही," त्या म्हणाल्या. "झोपेचं देते." झोप आली. घाम गेला. रक्तपेढी परत जागेवर आली; ती झोपेमुळे आली, हॉर्मोनमुळे आली की आपसूक आली, हे सांगता येत नव्हतं, आणि आता ते कुणी बाईंना विचारतही नव्हतं. पेन मात्र अजूनही अधूनमधून "ते लिहायचं" व्हायचं. नव्या बोर्डासाठी सरांनी फळा पुसून ठेवला होता. "कळ नंबर एक म्हणजे वाघ," त्यांनी सुरुवात केली. बाईंनी त्यांच्या हातातला खडू काढून घेतला. "अहो, या खेपेला मला चुकत चुकत शिकू द्या." सर दिवसभर जेवले नीट, पण बोलले नाहीत.

बाई शिकल्या. चुकत, विचारत, पडद्यावर बोट फिरवत. मुदतीच्या अखेरीस साहेबांनी स्वतः समोर बसून फोन जोडायला लावले. बाईंनी काही जोडले, काही चुकवले आणि चुकवलेले दुसऱ्या दमात जोडले. साहेबांनी "ठीक आहे" म्हटलं. आयुष्यात इतकं तुटपुंजं कौतुक बाईंनी कधी इतकं सांभाळून घरी नेलं नव्हतं.

वरच्या मजल्यावरचा अभ्यास पहिल्यापासून सुरू झाला. नवे संच, नव्या बायका. नाव नोंदवण्यासाठी शून्यावर फोन करायचा, आणि संशोधक डॉक्टरांच्या विनंतीवरून ऑपरेटरने सुरुवातीलाच एक प्रश्न विचारायचा: घरी कोणी शिकवणी घेतं का? हा प्रश्न बाई अत्यंत गंभीर आवाजात विचारत.

खुर्ची पक्की झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचा एक फोन आला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. पलीकडच्या बाईने आवाज जाड करून सांगितलं की तिला अलीकडे फार विसरायला होतं आणि चिकटपट्टीच्या अभ्यासात यायचं आहे.

"घरी कोणी शिकवणी घेतं का?" बाईंनी विचारलं.

"घरी नाही," आवाज म्हणाला, आणि जरा थांबून प्रामाणिकपणे म्हणाला, "समोर एक घेतात."

"वहिनी, फोन ठेवा."

पलीकडून खुदखुदणं ऐकू आलं. "इतका आवाज बदलला तरी ओळखलंत? म्हणजे डोकं आलं की ताळ्यावर!"

याला द्यायचं एक झणझणीत उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि ते उत्तर गेलं. पार गेलं. पडद्यावर बाकीचे फोन लुकलुकत होते. त्या तोंड उघडं ठेवून वाट पाहत राहिल्या.

"काय हो, विसरलात का काय?" वहिनींनी विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच इतकं हसू फुटलं की पुढचा फोन उचलताना "नमस्कार, टेलिफोन कक्ष" हे त्यांना तीन तुकड्यांत म्हणावं लागलं.